घरच्या शाळेतली वादसभा

वक्तृत्वस्पर्धा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शाळेची वा गणेशोत्सवाची एक संध्याकाळ उभी राहते. टेबलावर घंटा, पुढच्या खुर्च्यांवर तीन परीक्षक, आणि पाठ केलेले भाषण मध्येच विसरून छताकडे पाहणारा एखादा बिचारा वक्ता! आज मी ज्या वादसभांची हकीगत सांगणार आहे, त्या आहेत दूर अमेरिकेतल्या. आणि गंमत अशी की, त्यांत बोलणारी मुले कुठल्याच शाळेत जात नाहीत. त्यांची शाळा म्हणजे घर, आणि मास्तर म्हणजे बहुधा आई.

अमेरिकन माणसाला वादाचे वेड जुनेच. 1727 साली फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन फ्रँकलिन या एकवीस वर्षांच्या छापखानेवाल्याने मित्र जमवून ‘जंटो’ नावाचे मंडळ काढले. दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचे, एखादा प्रश्न घ्यायचा आणि त्यावर बोलायचे. नियम मात्र मोठा मार्मिक होता. कुणी आपले मत छातीठोकपणे मांडले किंवा दुसऱ्याला तोंडावर खोटे पाडले, तर त्याला थोडा दंड भरावा लागे! पुढे 1858 साली लिंकन आणि डग्लस यांनी इलिनॉय राज्यात गावोगाव सात जाहीर वाद केले. पहिल्याने एक तास बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, आणि पुन्हा पहिल्याने अर्धा तास. विषय होता गुलामगिरीचा. 1925 साली विस्कॉन्सिनमधल्या रिपन गावी ब्रूनो जेकब या शिक्षकाने शाळाशाळांच्या वादसभांची देशव्यापी संघटना उभी केली. वाद हा असा तिकडच्या शालेय शिक्षणाचा भागच होऊन बसला.

मग शाळेबाहेरच्या मुलांचे काय? 1970 नंतर अमेरिकेत काही आईबापांनी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायला सुरुवात केली. त्यांत दोन प्रवाह होते. एक जॉन होल्ट यांच्यासारख्यांचा. त्यांचे म्हणणे, शाळेच्या साच्यात मुलाची स्वाभाविक जिज्ञासा मरून जाते. दुसरा श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांचा. त्यांना वाटे, सरकारी शाळेत आपल्या धर्मश्रद्धेला जागा उरली नाही. 1980 नंतर हा दुसरा प्रवाह फार वाढला. पण कायदा आडवा आला. कित्येक राज्यांत मुलाला शाळेत न पाठवणे हा गुन्हा होता, आणि आईबापांना कोर्टाची पायरी चढावी लागे. त्यांचा खटला लढवण्यासाठी 1983 साली मायकेल फॅरिस आणि मायकेल स्मिथ या दोन वकिलांनी ‘होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन’ ही संस्था काढली. 1993 पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवायला कायद्याने वाट मोकळी झाली. 1999 साली सरकारी पाहणीत अशा मुलांची संख्या सुमारे साडेआठ लाख भरली.

आता पाहा, ही चळवळ वाढली ती बोलण्यावर. न्यायाधीशापुढे बोलायचे, आमदारांच्या समितीपुढे बोलायचे, शेजाऱ्याची समजूत घालायची. तेव्हा मुलांनाही बोलता आले पाहिजे, ही निकड आपोआपच उभी राहिली. शिवाय एक टोमणा सारखा कानांवर पडे: घरात कोंडलेल्या मुलांना चार लोकांत वावरायचे कसे कळणार? 1990 नंतरच्या दशकाच्या मध्यास फॅरिस यांची कन्या क्रिस्टी शाइप यांच्या पुढाकाराने घरी शिकणाऱ्या मुलांच्या वादस्पर्धा सुरू झाल्या, त्या याच वकिलांच्या संस्थेच्या छायेखाली. 2000 साली त्यांची संघटना स्वतंत्र झाली. तिच्या लांबलचक नावात ‘फोरेन्सिक्स’ हा शब्द आहे. आपल्याला त्यावरून पोलिसांची प्रयोगशाळा आठवते; पण मूळ अर्थ रोमन चौकातल्या, म्हणजे फोरममधल्या, भाषणाचा. 2009 साली याच वर्तुळातून ‘स्टोआ’ ही दुसरी संघटना निघाली. स्टोआ म्हणजे ग्रीक लोकांची खांबांची पडवी. तत्त्वज्ञ तिथे उभे राहून बोलत.

या सभांचे काम चाले कसे? गावातली दहापाच कुटुंबे आठवड्यातून एकदा कुणाच्या घरी किंवा चर्चच्या दालनात जमतात. वर्षभर एकच ठराव असतो, बहुधा सरकारी धोरणाचा. दोन विरुद्ध दोन अशी जोडी. प्रत्येकाचे आधी आठ मिनिटांचे भाषण, त्यावर तीन मिनिटांची उलटतपासणी, आणि शेवटी पाच मिनिटांचे खंडन. बारा-चौदा वर्षांची पोरे कोट-टाय चढवून, कात्रणांनी भरलेल्या पेट्या ओढत येतात. परीक्षक म्हणून बसतात ते बहुधा दुसऱ्या मुलांचे पालक किंवा गावातलीच साधी माणसे. त्यामुळे भाराभर पुरावे धडाधडा वाचून भागत नाही. समोरच्या सामान्य माणसाला पटले पाहिजे. श्रद्धेच्या समर्थनाचीही एक स्पर्धा असते. चिठ्ठी उचलायची, चार मिनिटे विचार करायचा आणि सहा मिनिटे बोलायचे.

इथवर सारे ठीक. पण खरी मेख पुढे आहे. या वादात एका फेरीत ठरावाच्या बाजूने बोलावे लागते, तर दुसऱ्या फेरीत विरुद्ध. आपल्या शास्त्रकारांचा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष आठवावा. पण तिथे पूर्वपक्ष मांडायचा तो खोडण्यासाठी; इथे मात्र तो जिंकण्यासाठी मांडायचा! ज्या घरात सत्य एकच आहे असे मुलाला जन्मापासून शिकवले, त्याच घराने त्याला दोन्ही बाजूंनी बोलायला लावावे, हे कसे?

हा पेच नवा नाही. 1954 साली अमेरिकन कॉलेजांच्या वादाला विषय मिळाला, कम्युनिस्ट चीनला मान्यता द्यावी की नाही. तेव्हा वेस्ट पॉइंट आणि अ‍ॅनापोलिस इथल्या लष्करी व नाविक विद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना वादात उतरूच दिले नाही. 1957 साली रिचर्ड मर्फी या वक्तृत्वाच्या प्राध्यापकांनी लिहिले, की जाहीर सभेत मनाविरुद्ध बोलणे हे नीतीला धरून नाही. उलट दुसऱ्यांचे म्हणणे, विरोधकाची बाजू स्वतः मांडून पाहिल्याशिवाय आपली बाजू खरी की खोटी, हे कळतच नाही.

ख्रिस्ती पालकांनी यातून वाट काढली ती अशी: ठराव करांचा आहे, परराष्ट्रनीतीचा आहे, धर्मतत्त्वाचा नव्हे. आणि श्रद्धा कसोटीला लागली तर अधिक पक्की होईल. कित्येकांच्या बाबतीत तसे झालेही. फॅरिस यांनी 2000 साली व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री कॉलेज काढले. घरी शिकलेली कितीतरी मुले तिथे गेली, आणि अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांत त्या कॉलेजाने पुन्हा पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

पण साऱ्यांचे तसे झाले नाही. पुरावा मागायची, उलट प्रश्न विचारायची सवय एकदा जडली की ती सभागृहाच्या दारात जोड्याबरोबर काढून ठेवता येत नाही. मूल ती घरी घेऊन येते. 2013 साली ‘होमस्कूलर्स अनॉनिमस’ या नावाने घरी शिकलेल्या काही तरुणांनी आपले कडू अनुभव जगापुढे मांडायला सुरुवात केली. घरच्या शाळेवर देखरेख कुणाची, मुलाचे हाल झाले तर त्याने दाद कुठे मागायची, असे त्यांचे सवाल होते. आणि हे काम सुरू करणाऱ्यांत याच वादसभांत तयार झालेली माणसे होती! आईबापांनी जे हत्यार हाती दिले, तेच त्यांनी आईबापांच्या चळवळीवर रोखले. काही पालकांना ही कृतघ्नता वाटली असेल. मला वाटते, शिकवणाऱ्यांच्या कामाची याहून मोठी पावती नाही.

मुलाला बोलायला शिकवावे असे आपल्या प्रत्येकाला वाटते. पण बोलायला शिकवणे म्हणजे आपलेच शब्द त्याच्या तोंडून ऐकणे नव्हे. फ्रँकलिनच्या मंडळात छातीठोक बोलणाऱ्याला दंड होता. तो दंड घरोघर, आधी वडीलमाणसांना, लागू करायची तयारी असेल, तर खुशाल वादसभा काढावी.