राणीछाप रुपया: प्रूफ की घासलेला?



गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे जमलेल्या मंडळींपैकी एका मित्राने खिशातून छोटा बटवा काढला. आत त्याच्या आजीचा राणीछाप रुपया होता, साल १८८५, आरशासारखा लखलखीत! इथल्या एका नाणेविक्रेत्याने त्याला सांगितले होते, "प्रूफ असेल तर चांगली किंमत येईल." मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर आलेली, त्यामुळे प्रश्न केवळ हौसेचा नव्हता.

आधी थोडा इतिहास पाहू. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने कायदा करून आपल्या सर्व मुलुखासाठी एकच रुपया आणला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा (११.६६ ग्रॅम), आणि बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १८६२ पासून त्यावर 'व्हिक्टोरिया क्वीन' आले आणि १८७७ पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. कलकत्ता व मुंबईच्या टांकसाळींतून असे कोट्यवधी रुपये बाहेर पडले. आपल्या घरांतले बहुतेक रुपये हेच.

प्रूफ नाणी मात्र मोजकी, नमुन्यासाठी किंवा संग्राहकांसाठी काढलेली. त्यांचा ठसा आणि चांदीची चकती दोन्हींना आधीच झिलई देत आणि मग जास्त दाबाने, बहुधा एकाहून अधिक वेळा, छाप उठवत. म्हणजे प्रूफची चमक नाणे पाडतानाच आलेली असते. घासलेल्या नाण्याची चमक नंतरची. सगळी परीक्षा या एका फरकावर उभी आहे.

एक चांगले भिंग घ्या, नाणे कडेने धरा आणि दिव्याखाली हळूहळू फिरवा.

१) अक्षरांच्या आणि आकड्यांच्या मधल्या फटी पाहा. प्रूफमध्ये आरसा तिथपर्यंत पोचलेला असतो. फडके तिथे पोचत नाही, म्हणून घासलेल्या नाण्यात अक्षरांभोवती मंद, काळपट पट्टा राहतो.

२) बारीक रेषा पाहा. ठशाच्या झिलईच्या रेषा नाण्यावर किंचित उठलेल्या असतात आणि चित्रापाशी येऊन थांबतात. घासल्याचे ओरखडे खोलगट असतात, ते राणीच्या गालावरूनही जातात.

३) राणीच्या मुकुटाची नक्षी आणि नाण्याची कड पाहा. प्रूफमध्ये दोन्ही रेखीव असतात. नक्षी झिजलेली आणि तरीही पृष्ठभाग लखलखीत, तर चमक नंतरची समजावी.

४) वजन करा. चांदीचा मुलामा दिलेले नकली नाणे बहुधा इथेच पकडले जाते. वजन जमले तरी अस्सल रुपया दोऱ्याने पाण्यात टांगल्यावर सुमारे १.१३ ग्रॅम हलका भरला पाहिजे.

५) वरच्या कडेला डाग किंवा खाच आहे का ते बघा. हारात ओवण्यासाठी कडी डाखवलेली असे. पुढे ती काढून कड घासून टाकत.

अजून एक गुंता आहे. मुंबईच्या टांकसाळीने विसाव्या शतकात जुन्या सालांची नाणी संग्राहकांसाठी पुन्हा पाडून दिली. ही प्रथा १९७० च्या सुमारास थांबली. त्यांना 'रिस्ट्राइक' म्हणतात. आरसा खरा, टांकसाळ खरी, साल मात्र जुने! मूळ प्रूफ आणि रिस्ट्राइक यांचा निवाडा घरी करू नये, तो जाणकाराकडूनच करून घ्यावा.

मित्राचा रुपया आम्ही त्याच रात्री तपासला. अक्षरांभोवती काळपट पट्टा, गालावर आडवे ओरखडे, वजन ११.४ ग्रॅम. नाणे अस्सल, पण प्रूफ नाही. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजी दर लक्ष्मीपूजनाला सगळे रुपये चिंच आणि राख लावून घासायची. आम्हा मुलांना पाणी ओतायला बसवायची." विक्रेत्याच्या हिशेबी आजीच्या त्या घासण्यानेच नाण्याची किंमत उतरली होती. फीची सोय त्याने दुसरीकडून केली आणि रुपया परत बटव्यात गेला.

आपल्याकडे असा रुपया असेल तर एवढेच करा: चिंच, राख, पावडर काहीही लावू नका. पूजा झाल्यावर हळदकुंकू साध्या पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने न घासता टिपून घ्या. घासून गेलेली चांदी परत येत नाही.