गारपिटीने झालेली मोटारगाडीची हानी व दुरुस्ती

गारपिटीने मोटारगाडीच्या पत्र्याला पोचे पडणे, रंग उडणे, काचा व दिवे फुटणे या हानीस व्यवहारात 'गारांचे नुकसान' म्हणतात. पोचे पत्र्यात असले तरी दुरुस्तीची पद्धत मुख्यतः रंगाच्या स्थितीवरून ठरते. रंग अखंड असेल तर एक मार्ग, तडकला असेल तर दुसरा. विम्याचा दावा करावा की नाही हा हिशेब निराळा असून तो दुरुस्तीआधी मांडावा लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील गारपीट

महाराष्ट्रात गारा प्रामुख्याने फेब्रुवारी ते मे या काळात पडतात. फेब्रुवारी २०१४च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्रात झालेल्या दीर्घ गारपिटीचा तडाखा तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यासही बसला. नोव्हेंबर २०२३च्या अखेरीसही जिल्ह्यात गारा पडल्या. अशा वेळी बातम्या येतात त्या कांदा, गहू, द्राक्षे व डाळिंबाच्या, आणि ते योग्यच आहे. तथापि उघड्यावर उभ्या असलेल्या वाहनांची हानी त्यामुळे दृष्टीआड होते. शिर्डीत वाहनतळावर गाडी लावून दर्शनाला गेलेला भाविक आणि बाजार समितीच्या आवारात पिकअप उभी करून लिलावाची वाट पाहणारा शेतकरी हे दोघेही त्यात सापडतात.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक करतात तो पंचनामा पिकांचा असतो. आपत्ती निवारण निधीच्या निकषांत पिके, घरे व पशुधन येते. खासगी वाहन येत नाही. वाहनाची भरपाई मिळाली तर ती विम्यातूनच मिळते.

हानीचे स्वरूप

गारेचा व्यास वाढतो तसे तिचे वजन व पडण्याचा वेग दोन्ही वाढतात. एक सेंटिमीटर व्यासाची गार सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने पडते. तिने सहसा पत्र्याला इजा होत नाही. व्यास अडीच सेंटिमीटरच्या आसपास गेला की पोचे दिसू लागतात. मार बसतो तो आडव्या भागांवर, म्हणजे टप, बॉनेट व डिकीवर. वाऱ्याने गारा तिरप्या आल्यास दरवाजेही पोचतात.

पुढची काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. ती तडकते, पण विखरत नाही. मागची व बाजूची काच बहुधा तापवून कडक केलेली असते. ती फुटली की तिचे एकदम बारीक खडे होतात.

पोचे मोजण्यापूर्वी गाडी धुवून कोरडी करावी. भर उन्हात उथळ पोचे दिसत नाहीत. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पत्र्यावर पाहिले असता जेथे रेषा वाकते तेथे पोचा असतो. प्रत्येक पोच्यावरून तिरपा प्रकाश टाकून रंगात केसासारखी चीर आहे का ते पाहावे. चीर राहिली तर पाणी पत्र्यापर्यंत जाऊन गंज धरतो.

दुरुस्तीच्या पद्धती

रंग न काढता केलेल्या दुरुस्तीस 'पीडीआर' म्हणतात. कारागीर आतल्या बाजूने लांब सळ्या घालून पोचा थोडा थोडा वर ढकलतो. जेथे हात पोहोचत नाही तेथे बाहेरून चकती चिकटवून पत्रा ओढला जातो. टपासाठी आतले छताचे अस्तर उतरवावे लागते. छताच्या कडेला एअरबॅग असल्यास हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. कडांवरील, दुहेरी पत्र्यातील व ॲल्युमिनियमच्या भागांवरील पोचे या पद्धतीने काढणे कठीण जाते. हे कौशल्य प्रामुख्याने मोठ्या शहरांत केंद्रित असल्याने जिल्ह्यातील मालकास पुणे किंवा नाशिक गाठावे लागू शकते. रंग शाबूत असेल तर ती खेप वाया जात नाही.

डेंटिंग-पेंटिंगची परिचित पद्धत अशी: पत्रा ठोकून वर आणणे, राहिलेला खळगा लांबी भरून घासणे, त्यावर प्रायमर, रंग व क्लिअर कोट. रंग तडकला असेल तेथे हिला पर्याय नाही. परंतु कारखान्यात रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजलेला असतो. गाडी जोडलेली असताना कार्यशाळेत एवढी उष्णता देता येत नाही. त्यामुळे शाबूत रंग केवळ सोयीसाठी खरवडू देणे हा तोट्याचा व्यवहार होय. जुनी गाडी घेणारे रंगाची जाडी यंत्राने मोजतात आणि लांबी भरलेला टप लगेच ओळखतात.

तिसरा मार्ग भाग बदलण्याचा. बॉनेट व डिकीचे झाकण बोल्टने बसवलेले असते, ते सहज बदलते. टप मात्र वेल्डिंगने जोडलेला असतो. तो कापून बदलण्याचा सल्ला अगदी नाइलाज असेल तरच मानावा.

गरम हवा व बर्फ वापरून पोचे आपोआप निघतात असे सांगितले जाते. धारदार पोच्यांवर त्याचा उपयोग होत नाही आणि रंग बिघडण्याचा धोका असतो.

विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार सक्तीचा असलेला तृतीय पक्ष विमा गारांची भरपाई देत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक किंवा स्वतःच्या वाहनाच्या हानीचा विमा लागतो. त्यात गारपिटीचा नामनिर्देश असतो. कंपनीला तत्काळ कळवून सर्वेक्षकाच्या पाहणीपूर्वी काम सुरू करू नये.

मंजूर रकमेतून १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस १,००० रुपये व त्यापुढे २,००० रुपये सक्तीने वजा होतात. बदललेल्या भागांवर घसारा लागतो: प्लॅस्टिक व रबरावर ५० टक्के, धातूवर वाहनाच्या वयानुसार, काचेवर शून्य. 'झिरो डेप' घेतल्यास ही कपात टळते. पीडीआरमध्ये भाग बदलत नसल्याने घसाऱ्याचा प्रश्नच बहुधा येत नाही.

खरा हिशेब 'नो क्लेम बोनस'चा आहे. ५० टक्के बोनस असलेल्या मालकाने दावा केल्यास पुढील वर्षी तो शून्यावर येतो आणि मग २०, २५, ३५, ४५ असा चढत सहाव्या नूतनीकरणाला ५० होतो. या काळात बुडालेली सवलत (५० + ३० + २५ + १५ + ५) एका वर्षाच्या मूळ हप्त्याच्या १२५ टक्के भरते. म्हणजे सवलतीपूर्वीचा स्वहानीचा हप्ता १२,००० रुपये धरला तर सुमारे १५,००० रुपये जातात. दाव्यातून हाती येणारी रक्कम याहून कमी असेल तर दुरुस्ती स्वखर्चाने केलेली बरी. बोनस संरक्षणाची जोड घेतली असल्यास हे गणित बदलते.

मालवाहू पिकअपच्या प्रमाण पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बंपर व रंगकाम यांची हानी वगळलेली असते. 'आयएमटी-२३' हे कलम जादा हप्ता देऊन घेतले असेल तरच ती मिळते. गारा नेमक्या बॉनेटवर व रंगावर पडतात, त्यामुळे शेतमाल वाहणाऱ्यांनी पॉलिसीत हा आकडा शोधावा.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. तेथे समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क, किंवा अहिल्यानगर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते.