नाही, नव्हे, नको, नये : मराठीतील नकाराच्या चार वाटा

नकार दर्शविण्यासाठी मराठीत एकच शब्द नाही. ‘नाही’ हा अभाव सांगतो, ‘नव्हे’ हा ओळख नाकारतो, ‘नको’ हा अनिच्छा किंवा मनाई व्यक्त करतो, तर ‘नये’ हा निषेध किंवा उपदेश सूचित करतो. ‘घरात साप नाही’ आणि ‘हा साप नव्हे, दोरी आहे’ या दोन वाक्यांत हा भेद स्पष्ट होतो. पहिल्यात सापाचे नसणे आहे. दुसऱ्यात वस्तूची ओळख बदलली आहे.

मराठीतील नकार क्रियापदाप्रमाणे चालतो, हेही तिचे वैशिष्ट्य होय. ‘तू येत नाहीस’, ‘ते येत नाहीत’ अशी त्याची रूपे पुरुष व वचनानुसार बदलतात. आज्ञेतही ‘जाऊ नकोस’ आणि आदरार्थी ‘जाऊ नका’ असा फरक राहतो. सूचनाफलकावर मात्र ‘येथे थुंकू नये’ असेच लिहिले जाते. त्यात समोरच्या व्यक्तीला थेट संबोधन नसते.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या बोलीत ‘न्हाई’, ‘नगं’, ‘नव्हं’ ही रूपे ऐकू येतात. ती अशुद्ध नसून बोलीची नियमित रूपे आहेत. अर्ज वा निबंधात प्रमाण रूप अपेक्षित असले, तरी घरची भाषा सदोष ठरत नाही.

जिल्ह्याचा उमरगा तालुका कर्नाटकाला लागून आहे. कन्नडमध्ये अभावासाठी ‘इल्ल’, ओळख नाकारण्यासाठी ‘अल्ल’ आणि ‘नको’साठी ‘बेड’ असे शब्द आहेत. ‘नाही’, ‘नव्हे’, ‘नको’ यांच्याशी त्यांची जोडी सहज जुळते. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानातील दखनी बोलीत मराठी ‘नको’चेच ‘नक्को’ हे रूप आजही प्रचलित आहे.

औपचारिक आणि दैनंदिन नकारातील अंतर इतर भाषांतही दिसते. हिब्रूमध्ये वर्तमानकाळी वाक्यात ‘एन’ हा नकार औपचारिक लेखनात शोभतो. रोजच्या बोलण्यात त्याच्या जागी बहुधा ‘लो’ येतो. मनाईसाठी ‘अल’ हा वेगळा शब्द आहे.

मराठीतही असाच बदल होत आहे. ‘तो शिक्षक नव्हे’ याऐवजी ‘तो शिक्षक नाही’ असे सर्रास बोलले जाते. अर्थ कळतो, पण अभाव आणि ओळख यांतील भेद पुसट होतो.

काही ठिकाणी तर नकारच टाळला जातो. दुकान बंद केले असे न म्हणता ते ‘वाढवले’ म्हणतात. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. अशुभ शब्द उच्चारू नये, ही त्यामागील लोकधारणा होय. मराठीत नकार कसा द्यावा याबरोबरच तो कोठे देऊ नये, यालाही संकेत आहेत.