प्रस्तावना : राखीव सैनिकाची रेंगाळलेली सेवामुक्ती

महिन्यातला एक शनिवार-रविवार सैनिक आणि एरवी नागरिक, असे आयुष्य अमेरिकेत लाखो माणसे जगतात. आर्मी रिझर्व्हमध्ये ती सुमारे पावणेदोन लाख आहेत, आर्मी नॅशनल गार्डमध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास. कोणी शाळेत शिकवते, कोणी ट्रक चालवतो, कोणी पोलिसात असतो. प्रादेशिक सेनेची कोल्हापूरची 'टी.ए. मराठा' बटालियन ज्यांना ठाऊक आहे, त्या वाचकांना ही कल्पना परकी वाटणार नाही. या माणसांपैकी एखाद्याच्या लघवीच्या नमुन्यात अमली पदार्थ सापडतो आणि त्याला सेवेतून कमी करण्याची कारवाई सुरू होते. ती महिनोन्महिने चालते, कधी वर्ष उलटून जाते. हे का घडते, याचा अभ्यास म्हणजे लष्करी प्रशासकीय कायद्याची एक छोटी शाखा. तिच्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मी मनापासून स्वागत करतो. कायद्याची पदवी नसली तरी चालेल. तारखा नीट वाचण्याची चिकाटी मात्र हवी.

चाचण्यांची सुरुवात व्हिएतनामहून परतणाऱ्या सैनिकांपासून झाली. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी तसा आदेश दिला. तेव्हा उपचारावर भर होता. १९८० च्या सर्वेक्षणात २७ टक्क्यांहून अधिक सैनिकांनी गेल्या तीस दिवसांत अमली पदार्थ घेतल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी, २६ मे १९८१ रोजी, 'निमिट्झ' या विमानवाहू नौकेच्या डेकवर एक विमान कोसळले आणि चौदा जण गेले. डेकवर काम करणाऱ्या काही मृतांच्या शरीरात गांजाचे अंश मिळाले. अपघात गांजामुळे झाला असे त्यातून सिद्ध होत नव्हते. तरीही धोरण बदलले. त्या डिसेंबरात संरक्षण उपमंत्री फ्रँक कार्लुची यांनी चाचणीच्या निकालावरून शिक्षेचा मार्ग मोकळा केला, आणि १९८३ च्या कायद्याने लष्करी दंडसंहितेत ११२-अ हे अमली पदार्थांविषयीचे कलम आले.

विलंबासाठी प्रयोगशाळेकडे बोट दाखवण्याचा मोह नव्या अभ्यासकाला होतो. तो टाळावा. नमुना देखरेखीखाली घेतला जातो, तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंद होते. गांजासाठी पहिल्या चाचणीची मर्यादा एका मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम, खात्रीच्या चाचणीची १५. औषध डॉक्टरांनी लिहून दिलेले असू शकत असेल, तर वैद्यकीय अधिकारी ते तपासतो. याला वेळ लागतो, पण खरा खोळंबा निकाल युनिटच्या टेबलावर आल्यानंतरचा असतो.

तिथे राखीव दलाचे कॅलेंडर आडवे येते. बराकीत राहणाऱ्या सैनिकाला कमांडर उद्या सकाळी बोलावू शकतो. राखीव सैनिक पुढच्या ड्रिलला, म्हणजे पुढच्या महिन्यातल्या सरावाच्या शनिवार-रविवारी, भेटणार. तो त्या ड्रिलला आला नाही, तर आणखी महिना. नोटीस हाती देता आली नाही, तर नोंदणीकृत टपालाने पाठवावी लागते आणि उत्तरासाठी तीस दिवस द्यावे लागतात; पत्ता बदललेला असला की टपाल परत येते. सेवा सहा वर्षांची झाली असेल, किंवा प्रतिकूल शेऱ्याची सेवामुक्ती प्रस्तावित असेल, तर किमान तीन सदस्यांच्या मंडळासमोर सुनावणी मागण्याचा त्याला हक्क असतो. मंडळाचे सदस्य, वकील, साक्षीदार यांतले बरेचसे स्वतःच आठवड्याच्या शेवटी गणवेश चढवणारे. या सगळ्यांचा एक शनिवार जुळवणे किती कठीण आहे, हे लग्नाच्या तारखा काढणाऱ्या घरांना सांगायला नको. दरम्यान कमांडर बदलतो, आणि नव्या कमांडरला फाइल पहिल्या पानापासून वाचावी लागते.

खटल्याऐवजी प्रशासकीय कारवाईचा हा रस्ता निवडावा लागतो, याचे कारणही राखीवपणातच आहे. कोकेन बुधवारी घरी घेतले, नमुना शनिवारी ड्रिलला दिला. बुधवारी तो माणूस नागरिक होता. लष्करी दंडसंहिता त्या दिवशी त्याच्यावर चालत नव्हती. नॅशनल गार्डचा सैनिक राज्याच्या अखत्यारीत असेल, तर राज्याची लष्करी संहिता लागू होते. खटला उभा राहणे अवघड, म्हणून प्रकरण प्रशासकीय सेवामुक्तीकडे वळते. अधिकारक्षेत्राचा हा प्रश्न मला या शाखेतला सर्वांत समृद्ध वाटतो, आणि पुढच्या प्रकरणांत त्याला सर्वाधिक पाने दिली आहेत.

या काळात सैनिकाचे काय होते? त्याच्या नावावर 'फ्लॅग' लागतो. बढती नाही, पदक नाही, नवे प्रशिक्षण नाही, पुन्हा भरती नाही. ड्रिलला मात्र तो येत राहतो, पगार घेतो, युनिटमधली एक जागा अडवून ठेवतो. सेवामुक्ती सन्माननीय ठरेल की नाही, यावर जीआय बिल या सैनिकांच्या शिक्षणखर्चाच्या कायद्याखालचे त्याचे शिक्षण अवलंबून असते, म्हणून पुढच्या आयुष्याचा बेत करता येत नाही. आणखी एक बाब सहसा कोणी ध्यानात घेत नाही. अमली पदार्थ सापडलेला नमुना प्रयोगशाळा साधारण एक वर्ष गोठवून ठेवते. कोणी मुदत वाढवून मागितली नाही आणि कारवाई त्यापुढे गेली, तर फेरतपासणीची संधी निसटते. उलट काही वेळा सैनिकाचा करारच संपतो आणि कोणताही निर्णय न होता प्रकरण विरते. निर्दोष माणसाची बाजू ऐकली जात नाही, दोषीला उत्तर द्यावे लागत नाही. दोन्ही गोष्टी मला अन्यायाच्या वाटतात.

तरीही सरसकट 'प्रक्रिया छोटी करा' म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. तीस दिवसांची मुदत, वकील, मंडळ हा विलंब राखायलाच हवा. परदेशी मोहिमेवरून परतून दोन वर्षे झाली नसतील आणि सैनिकाला पीटीएसडी (आघातोत्तर मानसिक विकार) किंवा मेंदूच्या दुखापतीचे निदान झाले असेल, तर प्रतिकूल शेऱ्याने काढण्याआधी वैद्यकीय तपासणी करणे २००९ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. ती करायला जेवढे आठवडे लागतील तेवढे लागू द्यावेत. माझा राग आहे तो कोणाच्याच जबाबदारीत नसलेल्या आठवड्यांवर: फाइल कायदा अधिकाऱ्याच्या टेबलावरून परत आली आणि पुढे कोणी पाठवायची हे ठरलेच नाही, असे आठवडे.

विलंबाचे हे दोन प्रकार वेगळे काढण्याची एक पद्धत आहे, ती इथेच सांगून ठेवतो. कोणतेही प्रकरण हाती आले की आरोप आणि बचाव बाजूला ठेवा. आधी सात तारखा एका कागदावर उतरवा: नमुना घेतला ती, प्रयोगशाळेचा निकाल आला ती, फ्लॅग लागला ती, नोटीस निघाली ती, नोटीस पोचली ती, मंडळ बसले ती आणि अखेरची सही झाली ती. मग प्रत्येक दोन तारखांमधल्या अंतरासमोर, त्या दिवसांत काम कोणाकडे होते त्याचा हुद्दा लिहा. जिथे हुद्दा लिहिता येत नाही, तिथून वाचायला सुरुवात करा.