मुक्या अक्षरांचा इतिहास

दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गाचे जुने नाव कर्झन रोड. आज या रस्त्यावर महाराष्ट्र सदन आहे आणि ब्रिटिश कौन्सिलही. या शेजारामुळे एक जुने कोडे आठवते. डॉटर, लाफ्टर, स्लॉटर, म्हणजे मुलगी, हसू आणि कत्तल. इंग्रजीत तिन्हींची शेवटची सात अक्षरे एकच. मग लाफ्टरमध्येच ‘फ’ का?

कोडे जी-एच या जोडीत आहे. जुन्या इंग्रजीत मुलगी आणि हसू या दोन्ही शब्दांत तिथे घशातून येणारा, ‘ख’जवळचा ध्वनी होता. संस्कृत ‘दुहिता’तला ‘ह’ त्याचा दूरचा नातलग. पुढे डॉटरमध्ये तो लोपला, लाफ्टरमध्ये ‘फ’ झाला. कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला; त्यानंतर लेखन हळूहळू गोठत गेले आणि उच्चार पुढे निघून गेले.

मराठीने उलटी वाट धरली. ‘नांव’वरचा अनुस्वार म्हणजे ‘नाम’मधल्या ‘म’ची खूण. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढले. लिहिणे सोपे झाले, हे खरेच. पण माणसाचे नाव आणि नदीतली नाव कागदावर सारखीच दिसू लागली.

अनुच्चारित, पण कोणाच्या तोंडी? मालवणी आणि कोकणी माणूस ‘नांव’ आजही नाकातून उच्चारतो. स्कॉटलंडच्या बोलीतही मुलीसाठीच्या शब्दात तो ‘ख’ टिकून आहे. प्रमाण भाषेने मुकी ठरवलेली अक्षरे बोलींमध्ये अजून बोलत आहेत.