माराकानाचा हिशेब

पराभवाचा इतिहास लिहिणारे बहुधा पराभवाच्या क्षणापासूनच आरंभ करतात. १६ जुलै १९५० रोजी रिओ द जानेरोच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले. त्याविषयी झालेले विपुल लेखनही अल्सिदेस गिजाने ७९व्या मिनिटाला केलेल्या गोलाभोवतीच फिरत राहते. मला मात्र त्याआधीचे तीन दिवस अधिक बोलके वाटतात. १३ जुलैला, गुरुवारी, ब्राझीलने स्पेनचा ६-१ असा धुव्वा उडवला आणि सारे प्रेक्षागृह ‘तोरादास एम माद्री’ हे कार्निव्हलमधले गाणे गाऊ लागले. तेव्हापासून रविवारच्या दुपारपर्यंत एका सबंध शहराने विजयाचा जो हिशेब मांडला, तो एखाद्या संहितेसारखा वाचता येतो. त्यात काय लिहिले आहे आणि काय गाळले आहे, दोन्ही पाहावे लागते.

लिहिलेला भाग निर्दोष आहे. त्या विश्वचषकात अंतिम सामना असा ठरवलेलाच नव्हता. शेवटच्या फेरीतील चार संघांनी एकमेकांशी खेळायचे आणि सर्वाधिक गुण मिळवणारा विजेता, अशी योजना होती. (पहिल्या फेरीतील एका गटात भारताचेही नाव होते, आपला संघ गेलाच नाही. अनवाणी खेळू न दिल्यामुळे गेला नाही, ही दंतकथा आपण अजून प्रेमाने सांगतो.) ब्राझीलचे गुण ४, उरुग्वेचे ३, म्हणजे ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ असे चिरडले होते, तर उरुग्वेने त्याच स्वीडनला ३-२ असे कसेबसे हरवले आणि स्पेनशी २-२ अशी बरोबरी पत्करली. समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध एकाचे गोल तेरा, दुसऱ्याचे पाच. पाच कोटींहून अधिक लोकसंख्येचा देश एकीकडे, पंचवीस लाखही वस्ती नसलेला दुसरीकडे. एवढे आकडे हाती असताना कोण साशंक राहील?

गाळलेला भाग असा. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, मे १९५० मध्ये, हेच दोन संघ रिओ ब्रांको चषकासाठी तीनदा भिडले होते. पहिला सामना साओ पाउलोत उरुग्वेने ४-३ असा जिंकला. पुढचे दोन ब्राझीलने जिंकले, पण ३-२ आणि १-० असे, म्हणजे प्रत्येकी एका गोलाच्या फरकाने. विश्वचषकाच्या पहिल्या फेरीत स्वित्झर्लंडने ब्राझीलला २-२ असे रोखले होते. शिवाय १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके व १९३० चा पहिला विश्वचषक उरुग्वेच्या नावावर होता. यातले काहीच गुप्त नव्हते. चाहता माहितीअभावी चुकत नाही. हाताशी असलेल्या माहितीतून तो आपल्याला हवी ती कथा रचतो, आणि जवळच्या दोन मोठ्या विजयांपुढे मे महिन्यातले ते तीन अटीतटीचे सामने फिके पडतात. साहित्याच्या अभ्यासकाला ही निवड अपरिचित वाटू नये.

शंकेला जागा उरू नये अशी व्यवस्था मात्र इतरांनी केली. ‘ओ मुंदो’ या वृत्तपत्राने ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र विश्वविजेते म्हणून आधीच छापले. महापौर आंजेलो मेंदेस दि मोराइस यांनी सामन्यापूर्वीच्या भाषणात खेळाडूंना विजेते संबोधून टाकले. झ्यूल रिमे यांच्या खिशात अभिनंदनाचे पोर्तुगीज भाषण तयार होते. चाहत्यांच्या आशेला असे अधिकृत शिक्के बसले, आणि आशेचे रूपांतर येणे असलेल्या रकमेत झाले.

मैदानावर नोंदणीकृत तिकिटांचेच १,७३,८५० प्रेक्षक होते. ४७व्या मिनिटाला फ्रियासाने गोल केला. ६६व्या मिनिटाला स्कियाफिनोने बरोबरी साधली. बरोबरीनेही चषक ब्राझीलचाच होता, हे या प्रसंगात विसरले जाते. हिशेब अजून शाबूत होता. तरीही मैदान गप्प झाले, असे उपस्थितांनी लिहून ठेवले आहे. निश्चितीची सवय लागलेल्या मनाला ‘पुरेसे’ हे पुरत नाही. तेरा मिनिटांनी गिजाने उजव्या बगलेतून येऊन गोलरक्षक बार्बोसा आणि खांब यांमधून चेंडू घातला.

मग थकबाकीची वसुली सुरू झाली. ती महापौरांकडून झाली नाही, वृत्तपत्रांकडून नाही, आणि स्वतःच्या हिशेबाकडे तर कोणी पाहिलेच नाही. दोष गेला बार्बोसा, बिगोदे आणि जुवेनाल या तिघांकडे, आणि तिघेही कृष्णवर्णीय होते. ब्राझीलच्या फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांचा इतिहास १९४७ मध्ये लिहिणारे मारियो फिल्यो यांना १९६४ च्या आवृत्तीत हे प्रकरण नव्याने जोडावे लागले. आज माराकानाला अधिकृत नाव आहे ते त्यांचेच. त्यांचे बंधू, नाटककार नेल्सन रोद्रिगेस यांनी १९५८ मध्ये या पराभवानंतरच्या राष्ट्रीय मनोवृत्तीला बेवारस कुत्र्याचा गंड असे नाव दिले. बार्बोसा २००० साली वारला. आपल्या देशात कमाल शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास भोगली, अशा अर्थाचे तो बोलत असे.

ब्राझीलचा त्या दिवशीचा पांढरा सदराही दोषी ठरला. नव्या गणवेशाची स्पर्धा जिंकून १९५३ मध्ये आजचा पिवळा सदरा रेखाटला तो आल्दिर गार्सिया श्ले यांनी. उरुग्वेच्या सीमेवरील जाग्वाराव गावचे हे गृहस्थ पुढे कथाकार झाले, दोन्ही भाषांत लिहीत राहिले, आणि २०१८ साली निधन होईपर्यंत फुटबॉलमध्ये ते उरुग्वेचेच चाहते होते.