पंजा लढविताना मोडणारे दंडाचे हाड : एका अस्थिभंगाच्या आकलनाचा इतिहास

मेजावर कोपर टेकवून प्रतिस्पर्ध्याचा हात खाली दाबण्याचा खेळ पुष्कळ देशांत पूर्वापार चालत आला आहे. त्यास नियमबद्ध स्पर्धेचे रूप आले ते मात्र मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कॅलिफोर्नियातील पेटालुमा या गावी बिल सोबेरानेस या पत्रकाराने १९५२ मध्ये गिलार्डीच्या मद्यगृहात सामने भरविले. त्यांतूनच १९६२ मध्ये जागतिक म्हणविणारी स्पर्धा उभी राहिली. खेळाचा प्रसार होत गेला, तसतशी एका चमत्कारिक दुखापतीची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांतून येऊ लागली. कोणी मारलेले नाही, कोणी पडलेले नाही, आणि तरीही धडधाकट तरुणाच्या दंडाचे हाड कडाडून मोडते. हा आवाज भोवतालच्या प्रेक्षकांनाही ऐकू जातो.

निरोगी हाड आघातावाचून मोडत नाही, अशी वैद्यकाची सर्वसाधारण धारणा असते. त्यामुळे अशा रोग्याच्या हाडात आधीपासून काही विकार असावा, असा संशय येणे स्वाभाविक होते. परंतु याच जातीचा अस्थिभंग सैनिकांतही आढळत होता. हातबाँब फेकताना दंडाचे हाड मोडलेल्या तब्बल १२९ रोग्यांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे हाडाचा घात करते ते माणसाचे स्वतःचेच स्नायुबळ. पंजा लढविताना कोपर मेजावर खिळलेले असते. छातीचे व पाठीचे बळकट स्नायू दंडाचे हाड आतल्या अंगास फिरवू पाहतात, तर प्रतिस्पर्धी पुढच्या हाताचा तरफेसारखा उपयोग करून त्याचे खालचे टोक बाहेर फिरवितो. ओले धोतर पिळावे तसे हाड पिळले जाते आणि बहुधा खालच्या तिसऱ्या भागात नागमोडी भेग पडून तुटते. हार दिसू लागली की स्पर्धक सर्व शरीराचा भार देण्यासाठी खांदा हाताच्या पुढे नेतो व तोंड दुसरीकडे फिरवितो. सर्वांत धोक्याचा क्षण तो हाच. म्हणूनच आजच्या स्पर्धांतील पंच अशा स्थितीत स्पर्धकास तत्काळ इशारा देतात. हा नियम शिष्टाचाराचा नव्हे, तर शरीररचनेचा आहे.

कुमारवयात चित्र पालटते. साधारण तेरा ते सोळा या वयात कोपराच्या आतील उंचवट्याजवळची वाढीची कूर्चा हाडापेक्षा दुबळी असते. त्यामुळे दंड शाबूत राहतो, परंतु तो उंचवटाच ओढला जाऊन सुटतो. आतल्या बाजूस सूज व वेदना एवढेच लक्षण दिसल्याने मुरगळले असे समजून चोळण्याचा मोह होतो. क्ष-किरण चित्रावाचून निदान करू नये, ते येथे. मनगटाच्या व कोपराच्या स्नायुबंधांचे ताण याहून पुष्कळच अधिक आढळतात, पण विश्रांती व क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम यांनी ते बहुधा बरे होतात.

मोडलेल्या हाडापेक्षाही वैद्यकास अधिक काळ सतावले ते रेडियल मज्जातंतूने. हा तंतू दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून नेमका त्या खालच्या भागात हाडाशी लगटून पुढे येतो. तो दुखावला, म्हणजे मनगट लुळे पडते, बोटे ताठ करता येत नाहीत आणि अंगठ्यामागील त्वचा बधिर होते. दंड मोडलेल्या प्रत्येक रोग्यास प्रथम मनगट वर उचलावयास सांगावे, ते यासाठी. होल्स्टीन व लुईस या दोघा शल्यविशारदांनी १९६३ मध्ये याच भागातील नागमोडी अस्थिभंगाचे सात रोगी वर्णिले आणि तंतू हाडाच्या तुकड्यांत अडकत असल्याने शस्त्रक्रिया करून तो मोकळा करावा, असे सुचविले. सात रोग्यांच्या आधारावर उभारलेले हे मत पुढे दीर्घकाळ प्रभावी राहिले, याचे आश्चर्य वाटते. अनेक निबंधांतील ४,५१७ अस्थिभंगांचा २००५ मध्ये एकत्र परामर्श घेण्यात आला, तेव्हा शस्त्र न लावता वाट पाहिलेल्या रोग्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांचा तंतू आपोआप सुधारल्याचे दिसले. घाई न करण्याच्या पक्षास त्यामुळे मोठे बळ मिळाले.

हाडाच्या बाबतीतही असाच पालट झाला. सार्मिएंतो यांनी १९७७ मध्ये खांदा व कोपर मोकळे ठेवून केवळ दंडाभोवती बसणारा आवरक पट्टा पुढे आणला. स्नायूंची हालचाल चालू राहिल्याने हाड जुळण्यास मदतच होते, अशी त्यामागील भूमिका होती. पुढे २००० मध्ये त्यांनी ६२० रोग्यांचा वृत्तांत दिला, त्यात त्वचा न फाटलेल्या अस्थिभंगांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी न जुळलेले निघाले. बंधन किती घट्ट असावे, हा प्रश्न तसा जुनाच. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सैल बंधनाने स्थैर्य येत नाही व अतिघट्ट बंधनाने सूज येते असे सांगून, थंडीत सात, समशीतोष्ण काळी पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांनी ते बदलावे, असा क्रम दिला आहे. एवढ्यावरून आधुनिक पट्ट्याचे मूळ तेथे शोधणे मात्र धाडसाचे ठरेल.

स्पर्धेत लवकर उतरू इच्छिणाऱ्यांचे हाड अलीकडे धातूची पट्टी व स्क्रू बसवून जुळविण्याकडेही कल दिसतो. त्याने हालचाल लवकर सुरू होते. परंतु ती पट्टी बसविताना शल्यविशारदास त्याच रेडियल तंतूला बाजूस सारावे लागते.